जुनी जीप आणि सुटीची वाट

आज ज्या गाडीविषयीं मी बोलणार आहें ती दाराशीं उभी असली म्हणजे शेजाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "अहो, ही अजून चालते का ?" या प्रश्नांत थोडें कौतुक असतें आणि पुष्कळशी कींव असते. शनिवारीं दुपारीं एखादा चांगला शिकलेला, चार लोकांत मान असलेला गृहस्थ गोणपाट अंथरून मोटारीखालीं शिरावा, त्याचे नुसते पाय बाहेर दिसावेत, आणि त्याच्या मुलीनें विजेरी धरून बाजूस बसावें, हें दृश्य शहरांतल्या सभ्य वस्तींत जरा चमत्कारिकच दिसतें. पैसे देऊन हें काम करून घेतां येत नाहीं काय ? येतें. तरी तें स्वतः करण्यांत कांहीं अर्थ आहे, आणि रविवारीं डोंगरांतल्या कच्च्या वाटेवर सुखरूप जाणें-येणें बऱ्याच अंशीं त्या शनिवारवर अवलंबून असतें, एवढें मला आज सांगावयाचें आहे.

गाडी म्हणजे जीप, चारही चाकांना गति देतां येईल अशी. हिचा जन्म युद्धांतला. १९४० सालच्या जुलैमध्यें अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांकडे विचारणा केली कीं, टेहळणीच्या कामाची अशी हलकी गाडी कोण करून देईल ? बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें सप्टेंबरांत पहिला नमुना नेऊन उभा केला. पुढें विलीज आणि फोर्ड यांनीं त्यावर हात फिरवला, आणि युद्ध संपेपर्यंत या दोघांच्या कारखान्यांतून सहा लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. आपल्या मुंबईशीं हिचें नातें त्यानंतर लवकरच जडलें. १९४५ सालीं निघालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीनें — हिचेंच नांव १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झालें — त्या दशकाच्या अखेरीस माझगांवांत विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार करण्यास प्रारंभ केला. मग भाग येथेंच होऊं लागले, आणि कालांतरानें प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्यावरचें डिझेल इंजिन पुष्कळ गाड्यांत आलें. माझ्याकडील गाडी त्याच पिढींतली, १९९१ सालची. नव्वद मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, सारें मिळून २११२ घनसेंटिमीटर. वेगाच्या बाबतींत आजची कोणतीही लहान मोटार हिला सहज मागें टाकील. परंतु हिच्या अंगांत एकहि संगणक नाहीं. जें कांहीं बिघडतें तें डोळ्यांना दिसतें, कानांना ऐकूं येतें किंवा बोटांना लागतें. या एका गुणावर मी तिचे इतर सर्व दोष माफ करतों.

आतां चार चाकांचें प्रयोजन काय तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, चार चाकें फिरलीं म्हणजे गाडीचें बळ दुप्पट होतें. तसें मुळींच नाहीं. इंजिन तेंच, त्याचें बळ तेवढेंच. वाढते ती पकड. चाक जमिनीला मागें रेटतें म्हणून गाडी पुढें जाते. आणि चाक किती रेटूं शकेल हें त्याच्यावर पडणारा भार आणि खालची जमीन या दोहोंवर ठरतें. नुसतीं मागचीं दोन चाकें रेटीत असलीं तर गाडीच्या निम्म्याच भाराचा उपयोग होतो. पुढचीं दोन चाकें निष्क्रिय, ओझ्यासारखीं ढकललीं जातात. चारही चाकें कामाला लावलीं म्हणजे साऱ्या भाराचा उपयोग होऊं लागतो. निसरड्या चढावर हा फरक स्पष्ट दिसतो.

पण येथेंच एक गंमत आहे, आणि ती न कळल्यामुळें चांगले चांगले लोक चिखलांत रुततात. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. म्हणून मोटारीच्या आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल नांवाची दांतेरी चक्रांची एक योजना असते. तिच्यामुळें एक चाक भरभर व दुसरें सावकाश फिरूं शकतें. सडकेवर ही योजना म्हणजे वरदान. चिखलांत मात्र तीच उलटते. कारण ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि तो जोर किती, हें ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावर ठरतें. एक चाक अधांतरीं लोंबकळत गरगर फिरूं लागलें, कीं त्याला फिरावयास जोर जवळजवळ लागतच नाहीं ; आणि मग कोरड्या दगडावर घट्ट बसलेल्या त्याच्या भावंडालाहि तेवढाच, म्हणजे जवळजवळ कांहींच नाहीं, इतका जोर मिळतो ! पुढच्या आंसाचें डावें चाक उचललें गेलें आणि मागच्या आंसाचें उजवें, म्हणजे जीपचीं चारही चाकें "चालू" असूनहि गाडी जागच्या जागीं उभी राहते. नव्या, महाग गाड्यांत यावर उपाय असतात. जुन्या जीपला उपाय एकच : चालकानें खालीं उतरावें, वाट पायीं चालून पाहावी, आणि कोणतें चाक कोणत्या दगडावरून जाईल हें आधीं ठरवावें. चार पावलें चालण्याचा आळस केला कीं चार तास फावडें मारावें लागतें.

याच यंत्ररचनेंतून दुसरा एक नियम निघतो. जीपमध्यें गिअरच्या दांडीशेजारीं आणखी बुटक्या दांड्या असतात. त्यांपैकीं एकीनें पुढचा आंस जोडला जातो. तो जोडल्यावर पुढचा आणि मागचा आंस एकमेकांशीं पक्के बांधले जातात. त्या दोहोंच्या मध्यें डिफरन्शियल नसतें. वळतांना पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठा फेर घेतात, तेव्हां हा हिशेब कोठें तरी चुकता व्हावयास हवा. मातींत, वाळूंत, ओल्या मुरुमांत चाकें किंचित् घसरतात आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरी सडकेवर तीं घसरूं शकत नाहींत. मग तो ताण शाफ्टांत आणि दांत्यांत सांठत जातो, सुकाणूं जड होतें, आणि बुटकी दांडी ओढली तरी सुटत नाहीं. म्हणून सडक सोडल्यावर ती जोडावी आणि सडक लागण्यापूर्वीं सोडावी. कधीं अडकलीच, तर थोडें सरळ मागें जावें. ताण उतरतो, दांडी आपोआप सुटते.

राहिली ती शेवटची खूण, "लो". हिनें इंजिनाचा वेग चाकापर्यंत पोंचण्यापूर्वीं आणखी सुमारें अडीच पटीनें कमी होतो आणि चाकावरचा जोर त्याच प्रमाणांत वाढतो. पहिला गिअर आणि "लो" मिळून गाडी माणसाच्या चालीपेक्षांहि सावकाश चालते. चढावर हिचा उपयोग आहेच. पण खरें मोल उतारावर कळतें. दगडगोट्यांच्या तीव्र उतारावर नवखा माणूस ब्रेक दाबून धरतो. चाकें थांबतात, पण गाडी थांबत नाहीं, ती घसरगुंडीवरच्या मुलासारखी खालीं निघते, आणि न फिरणाऱ्या चाकांनीं तिला वळवितांहि येत नाहीं. "लो"च्या पहिल्या गिअरांत, क्लचवरचा पाय काढून, गाडी सोडून द्यावी. इंजिनच तिला धरून ठेवतें. चाकें फिरत राहतात, म्हणून सुकाणूं ऐकतें. उतारावर क्लच दाबणें म्हणजे बैलगाडी उतरतांना जूं सोडून देण्यासारखें आहे.

एवढें सगळें ज्या यंत्रानें करावयाचें तें यंत्र तीस-पस्तीस वर्षांचें आहे, हें आतां लक्षांत घ्या. म्हणजे आपण शनिवारकडे येतों.

गाडीखालीं शिरण्यापूर्वींची एक गोष्ट मी साऱ्या कामाच्या वर ठेवतों. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि, कितीहि थोडा वेळ, जाऊं नये. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावावी, चेसिसखालीं लोखंडी घोडे किंवा जाड सागवानी ठोकळे द्यावेत, गाडी हातानें जोरानें हलवून पाहावी, आणि मगच डोकें खालीं घालावें. जीपच्या बाबतींत सुदैव असें, कीं ती मुळांतच उंच. पुष्कळशीं कामें चाकें जमिनीवर ठेवूनच होतात.

पहिलें काम ग्रीस भरण्याचें. पाट्यांच्या पिना, शॅकल, सुकाणूंचे सांधे, शाफ्टांचे क्रॉस, अशा जागोजागीं लहान बोंडांसारखीं निपलें असतात. पहिल्यानें तीं फडक्यानें पुसावींत. हें न केल्यास बोंडावरची वाळू ग्रीसबरोबर आपणच आंत ढकलतों, आणि वाळू मिसळलेलें ग्रीस धातूला कानशीसारखें खातें. मग बंदूक लावून, सांध्याच्या कडेनें जुनें काळें ग्रीस बाहेर येऊन त्यामागें नवें दिसूं लागेपर्यंत दाबावें. जेथें कांहींच बाहेर येत नाहीं तेथें निपल तुंबलेलें आहे असें समजावें. तें काढून साफ करावें किंवा बदलावें. क्रॉसवरचें निपल नेमकें वरच्या बाजूस जाऊन लपतें. गाडी वीतभर पुढें ढकलली म्हणजे तें खालीं येतें. ढकलण्याचें हें काम घरांतल्या मंडळींना फार आवडतें, असा माझा अनुभव आहे.

ग्रीस भरतांना डोळे मोकळे असतात, आणि शनिवारचा खरा लाभ या मोकळ्या डोळ्यांचा आहे. पाट्यांच्या थरांत एखादें पान तुटलें असेल तर भेगेच्या कडेला तांबूस गंजाची बारीक रेघ दिसते. पाटे आंसाला आंवळणाऱ्या यू-बोल्टाचा नट सैल झाला असेल, तर त्याच्या भोंवतालची माती पुसल्यासारखी चकचकीत दिसते. शाफ्ट हातांत धरून पिळला आणि क्रॉस "टक्" असा वाजला, तर त्याचे दिवस भरले. चाक वर उचलून वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवावें. तें डगडगलें तर बेअरिंग किंवा पुढच्या चाकाच्या गांठीवरची पिन तपासणें प्राप्त आहे. अशा गाड्यांना कधीं कधीं एखाद्या खड्ड्यानंतर पुढचीं चाकें जोरजोरानें थडथडण्याचा झटका येतो. तो ज्यानें अनुभवला आहे त्याला या डगडगीची टिंगल करावीशी वाटणार नाहीं.

आंसांतलें तेल पाहण्याची रीत फार सोपी आहे. बाजूचा बुच काढून बोट आंत घातलें कीं टोंकाला तेल लागावें. तें ९० नंबरचें दाट तेल असतें आणि त्याचा वासहि दाट असतो. पण पातळी बरोबर असली म्हणून निश्चिंत होऊं नये. तेलांत पाणी आहे कीं काय हें पाहावयास हवें. गाडी रात्रभर उभी राहिली असतां पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें तळाशीं बसतें. म्हणून सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, खालचा बुच किंचित् सैल करावा. प्रथम पाण्याचे थेंब आले, किंवा तेल दुधाच्या चहासारखें दिसलें, तर सारें तेल काढून नवें भरण्यावांचून गत्यंतर नाहीं. मात्र, सर्वांत आधीं वरचा बुच सुटतो अशी खात्री करून घ्यावी. खालून तेल सोडून दिलें आणि वरचा बुच गंजून बसला आहे असें कळलें, तर रविवार अंगणांतच जातो.

हें पाणी शिरतें कोठून ? याचें कारण मोठें मजेचें आहे. तासभर चाललेल्या गाडीचा आंस तापलेला असतो, आंतली हवाहि तापून फुगलेली. तशांत गाडी ओढ्याच्या थंड पाण्यांत उतरली कीं आंस एकदम निवतो, हवा आकसते, आणि आंत ओढ लागते. आंसाच्या वरच्या बाजूस यासाठींच एक लहानसें श्वासछिद्र असतें. तें चिखलानें बुजलेलें असेल, तर आंस रबरी सीलच्या कडेनें पाणी ओढून घेतो. म्हणजे पाणी घुसत नाहीं, आपलाच आंस तें पितो ! दोन रुपयांच्या तारेनें साफ होणारें हें छिद्र कित्येकांना माहीतहि नसतें. त्याला रबरी नळी जोडून तिचें तोंड इंजिनाच्या उंचीवर बांधून ठेवलें, म्हणजे हा प्रश्न बहुतेक सुटतो.

ब्रेकाविषयीं मात्र मला गंमत करतां येणार नाहीं. पुष्कळशा जुन्या जीपगाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच मार्ग असतो. एका चाकाजवळची रबरी नळी फाटली, कीं चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळीं जातात. पायाखालीं पेडल तळापर्यंत जातें आणि कांहींच होत नाहीं. नव्या मोटारींत हे मार्ग दोन असतात. म्हणून जुन्या गाडीच्या चार ड्रमांच्या आंतल्या बाजू दर पंधरवड्यास बोटानें चाचपून पाहाव्यात. ओल लागली तर ती पाण्याची कीं ब्रेक-ऑइलची हें ठरल्यावांचून गाडी दाराबाहेर काढूं नये. रबरी नळ्यांना बारीक चिरा दिसल्या कीं बदलाव्यात. आणखी एक : ब्रेक-ऑइल हवेंतला ओलावा हळूहळू शोषून घेतें. लांबच्या घाटांत ड्रम तापतात, त्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पेडल स्पंजासारखें मऊ लागतें. तेल दिसावयास स्वच्छ असलें तरी दोन वर्षांनीं बदलावें तें यासाठीं. ज्या घरांतलीं मुलें मागच्या बाकावर बसणार आहेत त्या घरानें येथें काटकसर करूं नये, असें मी स्पष्ट म्हणतों.

डिझेल इंजिनाचें कौतुक असें, कीं एकदां सुरू झालें म्हणजे विजेवांचून चालतें. त्याला हवें स्वच्छ डिझेल, स्वच्छ हवा आणि थंड पाणी. थंडींत सुरू करण्यापूर्वीं हीटरला थोडा अवकाश द्यावा. फिल्टर बदलल्यावर नळ्यांत राहिलेली हवा, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत काढावी. फॅनचा पट्टा, पाण्याच्या नळ्या, बॅटरीचीं टोकें हीं पाहण्यास पांच मिनिटें पुरतात, त्यांवर अधिक बोलत नाहीं.

आतां वाट. पुण्याहून खडकवासल्याच्या बाजूनें पाबे घाट चढून वेल्ह्याकडे उतरलें कीं तोरणा समोर उभा राहतो. मुख्य रस्ता डांबरी आहे. पण त्याच्या दोन्ही अंगांनीं वाड्यावस्त्यांकडे फुटणाऱ्या मुरुमाच्या वाटा आहेत, आणि अशाच वाटा मावळांत सर्वत्र सांपडतात. आमच्या सुटीच्या सहली याच वाटांवरच्या. कोणी यांस साहस म्हणेल ; मी सावकाश प्रवास म्हणतों. दहा मैलांना अर्धा दिवस लागतो, आणि त्यामुळें शेतें, माणसें, पाणवठे, सारें दिसतें.

या वाटांवर गाडीपेक्षां मातीची ओळख अधिक कामाची. सह्याद्रीचा कातळ काळा. तो कोरडा असतां रबराला उत्तम धरतो, शेवाळलेला असतां साबणासारखा. मुरूम हा जीपचा जिवलग मित्र : ओला असो वा कोरडा, पाणी निचरून जातें आणि पकड राहते. कोंकणांतली तांबडी जांभ्याची माती भर पावसांत वरवर निसरडी होते, पण खालीं कठीण जमीन असते, म्हणून चाक पुन्हां पाय रोवतें. खरी वैरीण म्हणजे देशावरची काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खांचांत जाऊन बसते, आणि मग खांचांचा टायर गुळगुळीत रुळासारखा होतो. चार चाकें काय, आठ असतीं तरी तिनें तीं गिळलीं असतीं. तिच्यापुढें शहाणपण एकच, थांबावें आणि उन्हाची वाट पाहावी.

मऊ जमिनींत टायरांतली हवा थोडी कमी करणें हा फार जुना आणि फार चांगला उपाय आहे. हवा कमी झाली कीं टायर पसरतो, जमिनीला लागणारा भाग लांबतो, भार वांटला जातो. मी ३० पौंडांवरून २० वर आणतों. त्याखालीं जात नाहीं, कारण ट्यूबच्या टायरांत हवा फारच उतरली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. धारदार दगडांवर मात्र हा उपाय आवरता घ्यावा. आणि डांबरावर परत येतांच हवा भरावी. मऊ टायर वेगानें धांवला कीं तापतो, आणि तापलेला टायर फुटतो.

पाण्याविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण आपल्याकडे दर पावसाळ्यांत माणसें जातात तीं येथें. जें पाणी आपण पायीं, काठीनें चांचपीत ओलांडूं शकत नाहीं त्यांत गाडी घालूं नये. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो : वेग दुप्पट तर रेटा चौपट. शिवाय पाण्यांत बुडालेला गाडीचा भाग तरंगूं पाहतो, चाकांवरचा भार घटतो, आणि आपण आतांच पाहिलें कीं भार गेला कीं पकड गेली. म्हणजे जी गोष्ट चिखलांत आपल्या बाजूची, तीच ओढ्यांत पाणी आपल्यापासून काढून घेतें. इंजिनाच्या हवेच्या तोंडांत पाणी गेलें तर तेथेंच सारें आटोपतें. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. वर येणारा दट्ट्या त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वांकतो. डिझेल इंजिनांत तर दाब मुळांतच फार. म्हणून पाण्यांत बंद पडलेलें इंजिन पुन्हां फिरवून पाहण्याचा मोह कटाक्षानें टाळावा.

एकदां मावळांतल्या एका ओढ्याच्या कांठीं आम्हीं असेच थांबलों होतों. पाणी पोटरीएवढेंच होतें, आणि मागच्या बाकावरून "चला, चला" असा घोष चालू होता. पलीकडच्या बांधावर एक म्हातारे शेतकरी उभे होते. मीं ओरडून विचारलें, "बाबा, गाडी जाईल का ?" त्यांनीं डोंगराकडे बोट केलें. "जाईल की, पाव्हणं. पर परत येनार न्हाई. वरच्या अंगाला पडतोय त्यो." आमच्या डोक्यावर ऊन होतें, आणि शिखर मात्र काळ्या ढगांत बुडालेलें. आम्हीं गाडी मागें घेतली, उंचशा जागीं लावली, आणि डबे सोडले. जेवण संपण्यापूर्वीं पाण्याचा रंग गढूळ तांबूस झाला होता, आणि मघां दिसणारे मधले दोन दगड दिसेनासे झाले होते.

गाडी रुतलीच, तर घाईनें चाक फिरवीत बसूं नये. तें स्वतःसाठीं खड्डा खणतें. फावड्यानें चाकापुढची माती उताराची करावी, चाकाखालीं दगड किंवा जाड फळी द्यावी, आणि हळूच निघावें. दुसऱ्या गाडीनें ओढावयाची वेळ आली, तर दोर चेसिसला पक्क्या बसविलेल्या हुकालाच बांधावा. बंपरला किंवा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधींहि नाहीं. ताणलेला दोर किंवा त्याचा हुक सुटला तर गोफणीच्या धोंड्यासारखा येतो, आणि अशानें माणसें मेलेलीं आहेत. दोरावर मधोमध जाड घोंगडी टाकावी, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या निदान दुप्पट अंतरावर उभें करावें. मुलांना त्याहून लांब.

आणखी एका गोष्टीविषयीं माझें मत जरा कडक आहे. वाट असेल तेथेंच चाक जावें. साताऱ्याजवळचें कास पठार २०१२ सालीं सह्याद्रीच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादींत आलें, म्हणून त्याला राखणदार मिळाला. पण असे सडे कोल्हापुरापासून रत्नागिरीपर्यंत पुष्कळ आहेत आणि त्यांना राखणदार नाहीं. कातळावर कांहीं बोटें जाडीची माती, आणि तींत पावसाळा सरतां सरतां सोनकी, सीतेचीं आसवें, कीटक धरून खाणारा दवबिंदू, अशीं इवलींशीं झाडें. ओल्या सड्यावरून जीपचा एक फेरा गेला कीं त्या पातळ मातींत चाकोरी उमटते, पाणी तिच्यांतून वाहूं लागतें, आणि उरलेली मातीहि घेऊन जातें. समुद्रकिनाऱ्याचें तसेंच. वेळास, आंजर्लें या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कांसवें वाळूंत अंडीं घालतात. वरून कांहींच दिसत नाहीं, आणि चाकाखालीं वाळू दबून जाते. किनाऱ्यावर गाडी घालून भरतींत अडकलेल्यांचीं छायाचित्रें आपण वर्तमानपत्रांत पाहतों आणि हंसतों. कांसवांचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं. वनखात्याच्या हद्दींत परवानगीवांचून शिरूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

कायद्याचा भाग थोडक्यांत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. जुनी गाडी रस्त्यावर राहते ती या तपासणीच्या आधारें, म्हणून ती नाममात्र उरकून घेण्यांत आपलेंच नुकसान आहे.

रविवारीं संध्याकाळीं परतल्यावर सारींजणें दमलेलीं असतात, तरी दोन कामें उद्यांवर टाकूं नयेत. गाडीच्या पोटाखालचा चिखल पाण्याच्या जोरानें धुवून काढावा, विशेषतः चेसिसच्या घड्यांतला आणि ड्रमांच्या मागचा. वाळल्यावर तो विटेसारखा होतो आणि त्याखालीं पत्रा गंजत राहतो. कोंकणांतून आलेली गाडी तर दोनदां धुवावी, मीठ सहजासहजीं जात नाहीं. ओढा ओलांडला असेल तर निघतांनाच सपाट रस्त्यावर ब्रेक हलकेच दाबीत ड्रम कोरडे करून घ्यावेत. आंसाचे बुच मात्र त्या रात्रीं उघडूं नयेत. पाणी तळाशीं बसावयास रात्र लागते. सोमवारीं कचेरीला जाण्यापूर्वीं जुने कपडे चढवून, पान्हा घेऊन, पांच मिनिटें खालीं जावें.